नावाआधीची तीन अक्षरं

सकाळी साडेदहाच्या आत मला त्या दिवसाचं बोर्ड काढायचं असतं. बोर्ड म्हणजे कुठल्या कोर्टात कुठलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे त्याची यादी. पूर्वी ती व्हरांड्यात लावलेली असायची आणि मी उभ्याउभ्या वहीत उतरवून घ्यायचे. आता ई-कोर्ट्सच्या साइटवरून काढते. साइट आधी वेडीवाकडी अक्षरं दाखवून मी माणूसच आहे ना याची खात्री करते, दोनदा मला नापास करते, आणि तोवर कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते. यादी साहेबांच्या, म्हणजे मी ज्या वकिलांकडे काम करते त्यांच्या, डायरीशी ताडून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की पहिलं काम संपलं. साहेब कराडच्या कोर्टात, मी तिथून चार किलोमीटरवर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत.

लोक विचारतात, "घरून वकिली करता का?" नाही. मी वकील नाही, कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. बी.कॉम. झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठी तीस-चाळीस आणि इंग्रजी चाळीस, आणि एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. तिथं अकरा वर्षं काढली. दावा कसा लिहितात, कैफियत म्हणजे दाव्याला उत्तर कसं लिहितात, नि. ५ म्हणजे काय, हे सगळं कानावर पडून पडून आलं. (नि. म्हणजे निशाणी, कोर्टात दिलेल्या कागदाला पडणारा नंबर. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवण्याचा, अर्ज दिला की त्याला बहुतेक पाचवीच निशाणी पडते. त्यामुळे वकिलांच्या बोलण्यात "नि. ५ झाला का?" म्हणजे "मनाई मिळाली का?" नवीन माणूस पहिले सहा महिने नुसती मान हलवतो. मीही हलवली.)

मार्च २०२०मध्ये कोर्टं जवळजवळ बंदच झाली. साहेबांनी ऑफिसातला कॉम्प्युटर स्वतः गाडीत घालून माझ्या दारात आणून ठेवला आणि म्हणाले, "ताई, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." तो कॉम्प्युटर अजून इथंच आहे. कोर्टं सुरू झाली तेव्हा सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, त्यांना उठवणं-बसवणं माझ्याकडे होतं. मी राजीनाम्याचं बोलले. साहेब म्हणाले, "तुमचे हात तिथं असले तरी चालतील, डोकं इकडं द्या." तेव्हापासून असं चाललंय. महिन्याला डायरी सांभाळण्याचे ठरावीक पैसे, टायपिंग आणि भाषांतराचे पानामागे वेगळे. ऑफिसात मिळत होते त्यापेक्षा थोडे कमी, पण रिक्षा, डबा आणि पावसाळ्यातल्या दोन साड्या वाचतात.

त्या काळातला एक हिशेब मात्र अजून पाठ आहे. दावा-अपील दाखल करायच्या मुदतीचं काय करायचं, असा तेव्हा सगळ्यांपुढं प्रश्न होता. सुप्रीम कोर्टानं स्वतःहून प्रकरण हाती घेऊन १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. मोजले तर ७१६ दिवस होतात. कुणी जुना निकाल घेऊन आलं की आधी हे ७१६ दिवस कागदावर मांडायचे आणि मगच अपील मुदतीत आहे की उशीरमाफीचा अर्ज जोडायचा, ते साहेबांना विचारायचं.

घरून काम करताना पहिलं डोकं खाल्लं ते फॉन्टनी. ऑफिसातले पंधरा वर्षांचे मसुदे तीन जातींचे होते. काही श्रीलिपीत, काही आयएसएममध्ये, काही युनिकोडमध्ये. घरच्या मशीनवर जुनी फाइल उघडली की "मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांचे कोर्टात" या जागी इंग्रजी अक्षरं, टोपी घातलेले स्वर आणि रुपयासारखी चिन्हं यांची खिचडी दिसायची. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण ते रफार आणि जोडाक्षरांत घाण करतं. "वर्णन"चं "वणर्न" होतं, आणि मिळकतीच्या वर्णनात असं झालं की समोरचा वकील हसतो. शेवटी मी नेहमी लागणारे चाळीसेक मसुदे पुन्हा हातानं टाइप केले, रात्री, सासऱ्यांना झोपवल्यावर. ते माझं भांडवल आहे असं समजा.

दुसरं डोकं खाल्लं ते ओटीपीनी. ई-फायलिंगला खातं साहेबांचं, सही साहेबांची, आधारचा ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर, आणि साहेब कोर्टात उलटतपास घेत असतात, मोबाइल कोटाच्या खिशात मुका. मी इकडं सगळी पानं चढवून, अनुक्रमणिका लावून, पानांना नंबर देऊन बसलेली. ओटीपीची वेळ संपते. पुन्हा मागवा. असं एकदा चार वेळा झालं, तेव्हा मी ऑफिसातल्या पोराला फोन करून सांगितलं की जाऊन साहेबांच्या मागं उभा राहा. तो बिचारा उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "तुमचं काय प्रकरण आहे?" आणि हे सगळं करून झाल्यावर कागदी संच आमच्याकडे कोर्टातही द्यावा लागतोच, तो तोच पोरगा नेऊन देतो.

पण माझी खरी चुकामूक व्हरांड्याशी झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात जे कळतं ते साइटवर कधीच येत नाही. कोर्टातले शिरस्तेदार चहा पिता पिता सांगून जायचे, "उद्या जज्जसाहेब रजेवर आहेत हो." तेवढ्यावर आम्ही पाटण खोऱ्यातल्या तीन पक्षकारांची खेप वाचवायचो. साइटवर पुढची तारीख दिसते, ती संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, पहिली दोन अक्षरं राज्याची, शेवटचे चार आकडे सालाचे. तो टाकला की प्रकरणाची कुंडली समोर येते. तारीख का पडली, ते मात्र "पुढील कार्यवाहीसाठी" एवढ्यावर भागवलेलं असतं. आत काय झालं, कोण चिडलं, कोण तडजोडीला तयार झालं, ते त्या ओळीत नसतं. पक्षकार मला फोन करून विचारतो, "ताई, काय झालं आज?" मी म्हणते, "तारीख पडली." तो म्हणतो, "ते मलाबी दिसलं मोबाइलवर."

घरात कागद ठेवायचे म्हणजे तोंडही बंद ठेवायचं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२७नं वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही वकिलासारखंच गुप्ततेचं बंधन घातलं होतं, नव्या कायद्यातही ते आहेच. ऑफिसात हे सोपं होतं, कुलूप साहेबांकडे होतं. इथं शेजारीण कोथिंबीर मागायला सरळ आत येते. एकदा टेबलावर फारकतीचा अर्ज होता, त्यातली मंडळी आमच्याच नात्यातली, लांबची. मी कागदावर परात ठेवली. पंधरा मिनिटं ती बोलत होती आणि मी परातीवर हात ठेवून उभी. पुढं त्या घरच्या लग्नाला गेले तेव्हाही काही माहीत नसल्यासारखी जेवून आले. इथंही पुढं जे प्रकरण सांगणार आहे त्याचे तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

तारखांसाठी साहेबांच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे, माझ्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे. माझा विश्वास कालनिर्णयवर जास्त. चेक न वटल्याच्या प्रकरणात बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला पैसे द्यायला, ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. यातला एक टप्पा हुकला की पुढचं सगळं अडतं. म्हणून तीन रंगांचे तीन गोल. सासरे अंथरुणावरून विचारायचे, "एवढे गोल कसले गं? चतुर्थ्या वाढल्या काय?"

१ जुलै २०२४नंतर आणखी एक कागद फ्रिजवर चिकटला. भारतीय न्याय संहिता आणि तिच्या दोन बहिणी, म्हणजे नवे फौजदारी कायदे, लागू झाल्या आणि वीस-वीस वर्षं तोंडात बसलेले आकडे बदलले. ४२०चं ३१८ झालं, ३०२चं १०३ झालं. हे ठीक आहे, नवे आकडे पाठ करता येतात. घोळ होतो तो ४८२नं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अटकपूर्व जामीन ४३८ला होता आणि गुन्हा रद्द करून मागायचा तो ४८२खाली, हायकोर्टात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामीनच ४८२ झाला आणि जुनं ४८२ गेलं ५२८वर. साहेबांचा व्हॉइस मेसेज आला, "ताई, चारशे ब्याऐंशीचा अर्ज घ्या करायला." मी उलटा मेसेज केला, "जुनं की नवं?" त्यावर बराच वेळ काही नाही. मग, "थांबा, बघून सांगतो." शिवाय गुन्हा १ जुलैच्या आधी घडलेला असेल तर कलम जुन्या भादंविचंच लावायचं. म्हणजे एकाच अर्जात गुन्हा जुन्या कायद्याचा आणि जामीन नव्या कायद्याचा. शोधा-आणि-बदला हे बटण मी तेव्हापासून वापरत नाही. एकदा वापरलं होतं, आणि एका अर्जात पक्षकाराचा गट नंबर ४२० होता, त्याचाही ३१८ झाला.

आता भाषांतराचं. तालुका आणि जिल्हा कोर्टात कामकाज मराठीत चालतं, हायकोर्टाची भाषा राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी. म्हणजे खालून वर जाणाऱ्या प्रकरणातला प्रत्येक मराठी कागद, सातबारा, फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद), खरेदीखत, जबाब, इंग्रजीत करून जोडावा लागतो. माझी निम्मी कमाई यावर आहे. पूर्वी हे गठ्ठे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणाऱ्या पक्षकाराच्या हाती मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, त्यात आमचा सातारा जिल्हा येतो. त्यामुळे आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. माझ्या कामाच्या घाईत यानं वाढच झाली, कारण "मुंबईला पोचायला वेळ लागतो" ही सबब गेली.

सबब हा शब्द बघा. आपण तो बहाण्यासाठी वापरतो. फेरफारात "सबब नोंद केली" म्हणजे "म्हणून नोंद केली". वर्दी म्हणजे पोलिसाचा गणवेश नाही, तलाठ्याला दिलेली खबर. एकदा घाईत एक फेरफार मशीनच्या भाषांतरात टाकून बघितला. "कुळाचं नाव कमी केलं" याचं त्यानं घराण्याचं नाव छोटं केलं असं काहीतरी केलं. कूळकायद्यातलं कूळ, म्हणजे जमीन कसणारा माणूस, हे त्याला कोण सांगणार? पोटखराब्याचं, म्हणजे न पिकणाऱ्या जमिनीचं, त्यानं काय केलं असेल ते तुम्हीच ताडा. आणि क्षेत्र. ० हेक्टर ८१ आर म्हणजे साधारण दोन एकर. आर आणि एकर यांत गल्लत झाली तर दोनाचे एक्क्याऐंशी होतात. म्हणून भाषांतर मी हातानं करते, आणि आकडे मोठ्यानं वाचून ताडते.

इतकं करूनही चूक झालीच.

गेल्या दिवाळीच्या आधी वाटपाचं एक प्रकरण कोल्हापूरला जायचं होतं. वादी तीन बहिणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांचं म्हणणं, जमीन वडिलार्जित, एकत्र कुटुंबाची, आमचा हिस्सा द्या. ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा प्रकरणात मुलीला हिस्सा जन्मानं मिळतो, २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असं सांगितलं, त्यानंतर असे दावे आमच्या टेबलावर खूप आले. बायकांना मिळकतीच्या दाव्यात महाराष्ट्रात १९९४पासून कोर्ट फीही माफ आहे. भाचे म्हणत होते, जमीन आमच्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे, बघा सातबारा. नि. ५ खालच्या कोर्टात नामंजूर झाला, जिल्हा कोर्टातलं अपीलही फेटाळलं, आणि भाच्यांनी प्लॉट पाडायला घेतले होते. म्हणून हायकोर्टात रिट याचिका.

माझ्याकडे तेवीस कागदांचे फोटो आले, मोबाइलनं काढलेले. त्यात १९५८चा एक वारसाचा फेरफार होता. बोरूसारखं तिरकं अक्षर, कडा खाल्लेल्या. मी रात्री दीडपर्यंत बसून सगळे संपवले आणि पाठवले. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, थोरल्या बहिणीचं वय प्रतिज्ञापत्रात आणि आधारवर जुळत नाही, तुम्हीच फोन करून विचारा. एरवी मी पक्षकारांशी बोलत नाही, घरातून तर नाहीच.

आक्कांनी वय सांगितलं. मग म्हणाल्या, "बाई, ती तीन अक्षरं घातलीसा न्हवं?"

"कुठली तीन अक्षरं?"

"दादाच्या नावाम्होरं हायती की. आमचा बा गेला तवा जुन्या तलाठ्यानं आईला सांगितलं व्हतं, नाव थोरल्याचं लागलं तरी तीन अक्षरं म्होरं हायती तवर पोरींचं कुठं जात न्हाय. आई मरस्तवर सांगत व्हती. मला वाचाया येत न्हाय, पर तीन हायती."

मी फोटो पुन्हा उघडला. थोरल्या भावाच्या नावाआधी पांढरी जागा. पान काढणाऱ्यानं स्कॅनरच्या अ‍ॅपमधून काढलं होतं आणि अ‍ॅपनं पान स्वच्छ पांढरं करून दिलं होतं. मी ऑफिसातल्या पोराला मूळ नकलेचा साधा फोटो काढायला लावला, काहीही न करता, उजेडात धरून. आला. फिकट जांभळ्या शाईत, नावाच्या अलीकडं, किंचित वर: ए.कु.मॅ.

एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव त्याचं, पण कुटुंबाच्या वतीनं. अख्खं प्रकरण ज्यावर उभं होतं ती तीन अक्षरं माझ्या इंग्रजीत नव्हती, आणि ते इंग्रजी आमच्याच बाजूनं दाखल होणार होतं. समोरच्यानं ती का दाखवून दिली असती? मला एकदम हातपाय गार पडल्यासारखं झालं. ऑफिसात असते तर आक्का बाकावर बसून हे वाक्य दहा वेळा बोलल्या असत्या. त्यांना दुसरं बोलायचंच नव्हतं. मी टाइप करता करता ऐकलं असतं.

साहेबांना फोन केला. ते दोन सेकंद गप्प होते. मग म्हणाले, "खालच्या कोर्टात आपण हे वाचून दाखवलं होतं का बघा." मी लेखी युक्तिवाद काढला. त्यात होतं, एका ओळीत, सहाव्या पानावर, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असं. मग ते पान नव्यानं केलं, साहेबांनी खरं भाषांतर म्हणून पुन्हा सही केली, आणि याचिकेत त्या फेरफाराचा स्वतंत्र परिच्छेद घातला. संच दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला गेला.

त्या संध्याकाळी मी आक्कांना फोन केला. घातली म्हणून सांगितलं.

"इंग्रजीत काय लिवलंस?"

"मॅनेजर ऑफ द जॉइंट हिंदू फॅमिली."

"मॅनेजर?" आक्का जरा थांबल्या. "दादा कवा कारखान्यावर न्हवता गं. आमच्या मालकांचा भाऊ व्हता मॅनेजर. नीट बघ, न्हायतर त्यो म्हनंल जिमीन माझी."

मी त्यांना परत समजावलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. तीन अक्षरं आहेत ना, एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं.

आता जुन्या फेरफाराचा स्कॅन मी घेतच नाही. साधा फोटो, उजेडात, चारही कडा दिसतील असा, आणि प्रत्येक नावाच्या डावीकडची जागा भिंग लावून बघते. भिंग सासऱ्यांचं आहे, ते पेपर वाचायला वापरायचे. शिवाय साहेबांना सांगून मी एक नियम करून घेतलाय. भाषांतर हातात घेण्याआधी पक्षकाराला एक फोन, दहा मिनिटांचा, वय-पत्ता विचारण्याच्या निमित्तानं. त्याचे पैसे मिळत नाहीत. निम्मे लोक भावकीच्या शिव्या देतात, एक-दोघं पावसाचं बोलतात.

आक्कांच्या प्रकरणात प्लॉट पाडायला तूर्त मनाई मिळाली. पुढची तारीख साइटवर दोनदा बदलली. दोन्ही वेळा त्यांना ती आधी कळली होती, कारण त्यांचा नातू रोज सकाळी माझ्याआधी बोर्ड बघतो.